वीसपैकी अठरा

"मावशी, नव्वद टक्के होते गं! नव्वद! आणि तरी बाण हुकला."

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रीची जेवणं आटोपली की ती लॅपटॉपवर 'बाल्डर्स गेट ३' लावायची आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसायची. त्या रात्री तिच्या तिरंदाजाने एका गॉब्लिनवर नेम धरला, पडद्यावर ९० टक्के असं उमटलं, आणि बाण त्याच्या कानाजवळून निघून गेला. पुढच्या खेपेला त्याच गॉब्लिनने तिच्या तिरंदाजाला आडवं केलं. भाचीचं म्हणणं सरळ होतं: हा आकडा खोटा आहे.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. संभाव्यता म्हणजे काय, हे दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर समजावते. पण संभाव्यतेच्या एका आकड्याशी कुणी इतक्या पोटतिडकीने भांडताना मी वर्गात कधी पाहिलेलं नाही. तिला म्हटलं, थांब, तो बाण सुटला तेव्हा आत काय काय घडलं ते आपण बघू या. बघायला लागलो, आणि त्या एका बाणामागे दोनशे वर्षांचा रस्ता निघाला.

आधी बाणापाशीच थांबू. रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या तोंडी 'आरपीजी', यात प्रत्येक पात्र म्हणजे आकड्यांची एक लहानशी वही असते. बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती, चिलखत कितपत दणकट, अंगात जीव किती. दोन पात्रं लढतात तेव्हा खरं तर दोन वह्या एकमेकींना भिडतात. बाल्डर्स गेट ३ हा खेळ बेल्जियममधल्या घेंटच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ साली आणला, पण त्याच्या लढाईचे नियम मुळात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. आणि त्या नियमांच्या मुळाशी आहे वीस बाजूंचा एक फासा.

बाण सुटतो तेव्हा हा फासा पडतो. जे दान पडेल त्यात तिरंदाजाची भर मिळवायची: समजा चपळाईचे ४, सरावाचे ३, धनुर्विद्येच्या खास शिक्षणाचे २, एकूण ९. समोरच्याचा 'आर्मर क्लास', म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड आहे याचा आकडा, समजा १२. बेरीज १२ किंवा त्याहून जास्त झाली की बाण लागला. म्हणजे फाशावर ३ किंवा अधिक पडायला हवं. वीस बाजूंपैकी १ आणि २ या दोन बाजू वैऱ्याच्या, उरलेल्या अठरा आपल्या. पडद्यावरचे नव्वद टक्के ते हेच.

कागदावर हे मांडून दाखवलं तेव्हा भाची जरा शांत झाली. 'नव्वद टक्के' ऐकलं की मनात 'जवळजवळ नक्की' असं उमटतं. 'वीसपैकी दोन बाजू तुझ्याविरुद्ध' म्हटलं की त्या दोन बाजू डोळ्यांसमोर उभ्या राहतात. शिवाय लढाईत बाण एकच नसतो. नव्वद टक्क्यांचे दहा बाण मारले तर त्यातला निदान एक हुकण्याची शक्यता ६५ टक्के असते. वीस मारले तर ८८ टक्के. संध्याकाळभर खेळून नव्वदवाला एकही बाण हुकला नाही, तर नवल त्याचं.

या फाशाच्या दोन टोकांना वेगळा मान आहे. १ पडला तर वार हुकलाच, मग तुम्ही कितीही मोठे योद्धे असा. २० पडला तर लागलाच, आणि नुकसानीचे फासे दुप्पट. त्यामुळे या जगात कुणाचाही एकेरी वार ५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही आणि ९५ च्या वर चढत नाही. नवशिक्या पोराला राक्षसाविरुद्ध वीसातली एक संधी कायम असते, आणि महावीरालाही वीसातली एक ठेच.

याच नियमांत 'अ‍ॅडव्हान्टेज' नावाची एक गोष्ट आहे, २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने मध्यभागी आणून ठेवलेली. परिस्थिती तुमच्या बाजूने असेल, शत्रू तुमच्या पुढ्यातच जमिनीवर पडलेला असेल किंवा तुम्ही त्याला दिसतच नसाल, तर एकाऐवजी दोन फासे टाका आणि मोठं दान घ्या. बस्स. बेरीज-वजाबाकीचं कोष्टक नाही. पण परिणाम बघा: ५० टक्क्यांचे ७५ होतात, ९० चे ९९ होतात, आणि ५ चे जेमतेम पावणेदहा. जिथे पारडं अधांतरी आहे तिथे मदत सगळ्यात मोठी, जिथे आधीच सगळं ठरल्यासारखं आहे तिथे लहान. माझ्या मते खेळांच्या नियमांतली ही एक अत्यंत देखणी कल्पना आहे. मुलांना बहुपदी समजावून जी गोष्ट कळत नाही ती दोन फाशांनी हातात येते.

आता हा वीस बाजूंचा फासा आला कुठून? सगळ्या बाजू सारख्या आणि सगळे कोपरे सारखे, अशा घनाकृती अवघ्या पाच आहेत: ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंच्या. युक्लिडच्या ग्रंथाचा शेवटचा भाग त्यांच्यावर आहे. दोन हजारांहून अधिक वर्षं त्या भूमितीच्या पुस्तकांत होत्या. १९७०च्या आसपास अमेरिकेत शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कॅटलॉगांत त्यांचे प्लास्टिकचे नमुने फासे म्हणून मिळू लागले, आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स नावाच्या माणसाच्या हाती ते लागले. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापलं, त्यात हे पाचही फासे आले. मुलांना घनभूमिती कळावी म्हणून बनवलेली वस्तू अशी तलवारीच्या मुठीत जाऊन बसली.

पण लढाई फाशाने ठरवायची ही कल्पना त्याहून जुनी आहे. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने, आपल्या वडिलांचं काम पुढे नेत, लष्करी अधिकाऱ्यांच्या सरावासाठी एक युद्धखेळ छापला. १:८००० प्रमाणाचा नकाशा, एक खेळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. बुद्धिबळात घोड्याने प्याद्यावर उडी मारली की प्यादं गेलंच. पण खऱ्या रणांगणावर एका तुकडीने दुसरीवर गोळ्या झाडल्या तर किती माणसं पडतील, हे कोण छातीठोक सांगणार? राइसविट्झने तिथे फासा आणला. अंतर किती, माणसं किती, आडोसा आहे की नाही, हे धरून फाशाच्या दानातून नुकसान ठरायचं आणि त्या तुकडीच्या गुणांतून ते वजा व्हायचं. तुकडी एका फटक्यात नाहीशी होत नसे, हळूहळू झिजत असे.

हे झिजणं एकट्या माणसाच्या वाट्याला कसं आलं, ती गोष्ट मला फार आवडते. मिनेसोटात आर्नेसन आपल्या मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या कल्पित प्रदेशात खेळवत असे. तोवरच्या युद्धखेळांत खेळाडूच्या हाती सैन्य असायचं. इथे प्रत्येकाच्या हाती एकच माणूस. सुरुवातीला नियम जुनेच होते: वार लागला की माणूस मेला. पण नाव दिलेला, चार संध्याकाळी सोबत काढलेला माणूस एका दानात मरतो तेव्हा खेळणाऱ्याला ते सोसत नाही. आर्नेसनने मग आधी केलेल्या एका वेगळ्याच खेळाकडे हात नेला. तो होता अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्याच्या जहाजांचा. जहाजाला पत्र्याची जाडी असते आणि किती फटके खाऊन ते बुडेल याचा आकडा असतो. पत्र्याची जाडी झाली आर्मर क्लास, आणि फटक्यांचा आकडा झाला हिट पॉइंट, आजच्या पोरांचा 'एचपी'.

हे कळल्यावर आरपीजीतली एक जुनी विचित्र गोष्ट मला नव्याने दिसली. शंभर एचपीच्या वीराकडे एकच एचपी उरला असला तरी तो तितक्याच जोराने तलवार फिरवतो. लंगडत नाही, हात थरथरत नाहीत. माणूस असा लढत नाही. जहाज लढतं: तोफा शाबूत आहेत तोवर मारा चालू, आणि मग एकदम बुडणं. आपल्या प्रत्येक आरपीजी नायकाच्या पोटात अजूनही ते लोखंडी जहाज आहे असं मला वाटतं. गायगॅक्सलाही हा प्रश्न छळत असणार. १९७९च्या मार्गदर्शक ग्रंथात त्याने समजावलं की एचपी म्हणजे नुसतं रक्तमांस नाही. त्यात वार चुकवण्याचं कसब आहे, नशीब आहे, दैवी कृपा आहे. म्हणजे एचपी कमी होतो तेव्हा दर वेळी जखमच होते असं नाही, नशीबही थोडं थोडं संपत जातं. मला हे स्पष्टीकरण पटतं, आणि हळवंही वाटतं.

फासा टेबलावरून संगणकात गेला तेव्हा एक अडचण उभी राहिली. संगणकाला फासा टाकताच येत नाही. सांगितलेली आकडेमोड जशीच्या तशी करणं एवढंच त्याला ठाऊक. मग तो काय करतो? एक आकडा मनात धरतो, त्याला एका प्रचंड संख्येने गुणतो, एक छोटी संख्या मिळवतो, आणि येणाऱ्या उत्तराचा ठरावीक भाग ठेवून बाकीचा टाकून देतो. तो भाग म्हणजे दान. पुढच्या दानासाठी तोच आकडा पुन्हा त्याच गिरणीत. पोकेमॉनच्या तिसऱ्या पिढीच्या खेळांत ती मोठी संख्या १,१०,३५,१५,२४५ आहे आणि मिळवायची संख्या २४,६९१. इतकंच. रानात अचानक समोर येणारा दुर्मीळ प्राणी, नेमका लागलेला वार, हुकलेला वार, सगळं या एका गुणाकारातून निघतं. उत्तरं इतकी विस्कटलेली येतात की माणसाच्या डोळ्याला त्यात क्रम दिसत नाही. पण क्रम असतो.

आणि ज्याला तो क्रम कळला त्याच्यापुढे फासा उघडा पडतो. 'पोकेमॉन एमराल्ड'मध्ये खेळ सुरू केला की मनातला पहिला आकडा दर वेळी शून्य असतो. तिथून सेकंदाला सुमारे ६० वेळा गिरणी फिरते. तेव्हा अमुक क्षणी कोणतं दान पडणार हे आधीच काढता येतं, आणि लोक काढतात. घड्याळ लावून, सेकंदाच्या साठाव्या भागाचा नेम साधून बटण दाबतात आणि हवा तो प्राणी समोर आणतात. त्याच यंत्रावरच्या, म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या, 'फायर एम्ब्लेम' या सैनिकांच्या लढाईच्या खेळाच्या खेळाडूंनी तर आणखी एक वाट शोधली. तिथे सैनिकाचा मार्ग दाखवणारा बाण विशिष्ट प्रकारे फिरवला की खेळ मार्ग ठरवण्यासाठी एक दान खर्च करतो. म्हणजे नकोसं दान येणार असेल तर ते रस्ता आखण्यात उडवून टाकायचं आणि त्यानंतरचं दान लढाईला घ्यायचं.

हे वाचताना मला वनपर्वातला नल आठवला. जुगारात पुष्कराकडे राज्य घालवलेला नल बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नल रथ थांबवतो, मोजून पाहतो, हिशेब तंतोतंत. मग दोघं विद्येची देवाणघेवाण करतात: नल अश्वहृदय देतो, ऋतुपर्ण अक्षहृदय. अक्षहृदय, म्हणजे फाशाचं काळीज. त्या बळावर नल परत जाऊन पुष्कराला हरवतो. झाडही बेहड्याचंच असावं, कारण त्या काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरली जात. मोजण्याची विद्या आणि फाशाची विद्या एकच आहे हे त्या कथेत इतक्या सहज सांगितलेलं आहे की मी संख्याशास्त्राचा पहिला तास आता त्यानेच सुरू करते.

वार लागला एवढ्यावर हिशेब संपत नाही. किती लागला हेही काढायचं असतं. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉन खेळांचं सूत्र मला फार शिकवणारं वाटतं. हल्लेखोराची लेव्हल घ्या, समजा ५०. तिची दुप्पट करून पाचाने भागा आणि २ मिळवा: २२. त्याला हल्ल्याच्या ताकदीने गुणा. त्या खेळांत फ्लेमथ्रोअर या आगीच्या हल्ल्याची ताकद ९५. हल्ला आणि बचाव यांचं गुणोत्तर लावा. दोन्ही समान धरू. ५० ने भागून २ मिळवा. आले ४३. इथवर सगळं सपक आहे. आता हल्ला करणारा स्वतः आगीच्या जातीचा असेल तर दीडपट: ६४. समोर गवताच्या जातीचा टँगेला असेल तर आणखी दुप्पट: १२८. पण तोच हल्ला आगीच्या जातीचा नसलेल्या कुणी पाण्याच्या प्राण्यावर केला तर ४३चे अर्धे, २१. हल्ला तोच, लेव्हल तीच, आणि फरक सहापट. शेवटी एक फासा या आकड्याला साधारण ८५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी हलवतो, म्हणजे आपले १२८ हे १०८ सुद्धा होऊ शकतात. किती शहाणं आहे हे! निवड फरक घडवते सहापटीचा आणि नशीब फक्त पंधरा टक्क्यांचा. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या हातात दिलेल्या खेळाने त्यांना न सांगता शिकवलं की जोर वाढवण्यापेक्षा जोडी नीट लावणं मोलाचं.

त्याच खेळांत एक चूक राहून गेली होती. नेम १०० टक्के असलेले हल्ले आत २५५ म्हणून नोंदलेले होते, आणि दान ० ते २५५ या २५६ आकड्यांतून यायचं. दान नोंदीपेक्षा लहान असेल तर वार लागला, अशी अट. दान नेमकं २५५ आलं तर? २५५ हा २५५ पेक्षा लहान नाही. म्हणून शंभर टक्क्यांचा वार २५६ मध्ये एकदा हुकायचा. 'लहान' याऐवजी 'लहान किंवा समान' असं हवं होतं, एवढाच फरक. १९८७च्या पहिल्या 'फायनल फँटसी'त तर जादूगाराची बुद्धी वाढत जायची, पडद्यावर आकडा चढताना दिसायचा, आणि मंत्रांच्या हिशेबात तो आकडा कुठे घेतलेलाच नव्हता. मुलं वर्षानुवर्षं खेळली आणि त्यांना आपला जादूगार दिवसेंदिवस हुशार होतोय असं वाटत राहिलं. वहीतला आकडा आणि त्याच्यावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं उघडं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

हा विश्वास डोळ्यांसमोर तुटताना पाहायचा असेल तर २००२चा 'मॉरोविंड' पाहावा. इथे टेबल नाही, पाळ्या नाहीत. तुम्ही स्वतः चालत जाता, समोर खेकडा असतो, तुम्ही तलवार फिरवता, पातं त्याच्या पाठीतून आरपार जाताना दिसतं, आणि काहीच होत नाही. कारण आत अजूनही फासा आहे. शस्त्राचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. या बेरजेला दमछाकीने गुणायचं. ताजेतवाने असाल तर सव्वापट, पार दमलेले असाल तर पाऊणपट. ज्या शस्त्राचं शिक्षण नाही त्यात कौशल्य ५, चपळाई ४०, नशीब ४०: बेरीज १७. धावत धावत खेकड्यापर्यंत पोचून दमलात तर जेमतेम १३ टक्के, आणि त्यातूनही खेकड्याची चपळाई वजा. गणित निर्दोष आहे. दमलेल्या, न शिकलेल्या माणसाची तलवार लागू नये हे योग्यच. पण डोळ्याने पातं लागताना पाहिलं की मन गणिताचं ऐकत नाही. टेबलावर बोलून सांगितलेला वार हुकतो तेव्हा आपण तो हुकताना मनात रंगवतो. पडद्यावर ती जागा चित्राने भरून टाकलेली असते. २००६ साली आलेल्या पुढच्या भागात, 'ऑब्लिव्हियन'मध्ये, तो फासा काढून टाकला. पातं टेकलं की वार लागला.

तिथून एक वेगळी वाट फुटली. २०११च्या 'डार्क सोल्स'मध्ये वार लागेल की नाही हे फासा ठरवत नाही. राक्षसाची कुऱ्हाड येते आणि तुम्ही जमिनीवर कोलांटी मारता. त्या कोलांटीच्या काही निमिषांत तुमचं शरीर कुऱ्हाडीसाठी अस्तित्वातच नसतं. ती तुमच्यातून जाते आणि खरचटतही नाही. ती निमिषं चुकली तर संपलं. अंगावरचं ओझं तुमच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्शाच्या आत असेल तर कोलांटी चपळ, अर्ध्याच्या वर गेलं तर माणूस पोत्यासारखा लोळतो. चिलखत जाड की पाय हलके, हा आर्मर क्लासचा जुना सौदा इथेही आहेच. फक्त फासा आता खेळणाऱ्याच्या अंगठ्यात आहे.

माझं मन मात्र फाशावरच रेंगाळतं, कारण तिथे एक कोडं उरलं होतं. भाची हुशार आहे, गणित तिला येतं. कागदावर वीसपैकी दोन पटलं, तरी तासाभराने पुन्हा बाण हुकला आणि ती पुन्हा तितकीच दुखावली. हे तिच्या एकटीचं नाही. 'सिव्हिलायझेशन' या डावपेचांच्या खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत हेच सांगितलं: तीनास एक अशी बाजू भक्कम असताना लोक हरले की त्यांना अन्याय वाटतो, एकास तीन अशी पडती बाजू असताना जिंकले की मात्र त्यात त्यांना काही वावगं दिसत नाही. दोन्ही चौथा हिस्साच. एक घाव म्हणून लक्षात राहतो, दुसरा हक्काचा वाटतो.

जपानमधल्या इंटेलिजंट सिस्टिम्सने यावर जे केलं ते कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या. फायर एम्ब्लेमच्या मूळ नियमांत मेलेला सैनिक परत येत नाही. त्याचं नाव, त्याच्या गप्पा, सगळं संपतं. म्हणून एक हुकलेला वार तिथे फार महाग. २००२ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या भागापासून त्यांनी एका दानाऐवजी दोन दानं काढून त्यांची सरासरी घ्यायला सुरुवात केली. सारीपाटाचे फासे ज्याने हातात घेतले आहेत त्याला हे लगेच कळेल: दोन दानांची बेरीज मधल्या आकड्यांवर जास्त पडते, टोकाला क्वचित जाते. म्हणून सरासरी ९० च्या पार जाणं फार दुर्मीळ. पडद्यावर ९० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात वार लागतो ९८.१ टक्के वेळा. ७५ लिहिलेलं असेल तर पावणेअठ्ठ्याऐंशी. उलट शत्रूच्या वारावर १० लिहिलेलं असेल तर तो लागतो फक्त २.१ टक्के वेळा. आणि ५० जवळजवळ ५०च राहतात.

म्हणजे ज्या खेळाचा आकडा जवळजवळ खरा, तो भाचीला खोटा वाटला. आणि ज्या खेळाचा आकडा खरा नाही, तो लोकांना खरा वाटतो, कारण 'नव्वद टक्के' ऐकून आपल्या मनात जे उमटतं ते मुळी नव्वद नसतंच, अठ्ठ्याण्णव असतं. त्या मंडळींनी फाशाचं नव्हे, खेळणाऱ्याचं काळीज मोजलं आणि गणित त्याच्या मापाने बेतलं. याला फसवणूक म्हणावं का? मी बरेच दिवस हो म्हणत होते. आता मला तसं वाटत नाही. नकाशा काढणारा डोंगराची उंची रंगाने दाखवतो, तसं हे आहे. पाहणाऱ्याला जे कळायला हवं ते त्याच्यापर्यंत पोचवायची एक रीत. पण वर्गात मात्र मी नव्वदला नव्वदच म्हणणार.

दुसरी एक रीत 'वॉरक्राफ्ट ३'ची, तिथून ती 'डोटा'त आली. त्यांचा फासा स्मरण ठेवतो. एखाद्या कौशल्याची शक्यता २५ टक्के लिहिलेली असेल तर पहिल्या प्रयत्नाला ती प्रत्यक्षात असते साडेआठ टक्क्यांच्या आसपास. चुकला तर पुढच्या वेळी तिच्या दुप्पट, मग तिप्पट; एकदा साधलं की पुन्हा पहिल्यापासून. लांबच्या हिशेबात सरासरी २५च भरते, पण ओळीने दहा वेळा हुकणं किंवा ओळीने चार वेळा साधणं फार विरळा होतं. माणसाला संधी 'आळीपाळीने' यायला हवी असते. खरा योगायोग आळीपाळी जाणत नाही, तो गठ्ठ्याने येतो.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि न बोलता खेळाच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथे 'कार्मिक डाइस' नावाची एक खूण होती, आपोआप चालू असलेली: यशाची किंवा अपयशाची लांबच लांब माळ लागू नये म्हणून फासा थोडा सावरून घेणारी.

"म्हणजे आत्तापर्यंत हे चालूच होतं?"

"होतं की."

"आणि तरी नव्वदला हुकला." ती थोडा वेळ त्या खुणेकडे बघत बसली, मग तिने ती काढून टाकली. "आता कुणी मध्ये नको."

तिरंदाज एका पडक्या घरासमोर उभा होता. समोरच्या गॉब्लिनवर नेम धरला तर ८० टक्के दिसत होते. तिने बाण सोडला नाही. शिडी चढवून त्याला छपरावर नेलं. उंचावरून बाण मारला की या खेळात दोनाची भर पडते. पुन्हा नेम धरला, पडद्यावर ९०.

"दोन बाजू मिळवल्या गं मावशी," ती म्हणाली, आणि बाण सोडला.